दिवस मावळायच्या आत

१४ सप्टेंबर २०२५, ग्लासगो

खोली मिळाली. चौथा मजला, खिडकी मागच्या अंगाला. खाली कचऱ्याचे मोठे डबे आणि गंजलेल्या सायकली. पलंग, टेबल, कपाट. स्वयंपाकघर चौघींत मिळून एक. तिघींपैकी एकच भेटली, अबेना. आफ्रिकेतल्या घानाची, तिशी ओलांडलेली असावी, नर्सिंगचं पुढचं शिकायला आली आहे. लिफ्ट बंद होती तर माझी जड बॅग तिनं न विचारता उचलली आणि दोन मजले नेली. आभार मानले. पुढं काय बोलायचं सुचेना म्हणून दार लावून घेतलं.

आप्पांना फोन केला.

"पोचलीस?"

"पोचलो की."

"जेवलीस?"

"व्हय."

मग दोघंही गप्प. आम्ही बाप-लेक फोनवर असेच. आई असताना तीच दोन्हीकडून बोलायची.

याआधी कधी रोजनिशी लिहिली नव्हती. इथं मराठीत बोलायला कोणी नाही, म्हणून वही काढली.

१६ सप्टेंबर

काल आणि आज दिवस मावळायच्या आत जेवले. आईनं हा नेम जन्मभर पाळला. शिरोळकडची आमची सगळी जैन शेतकरी घरं पाळतात, पण मी कधी मनावर घेतलं नाही. कोल्हापुरात माझं पाटबंधाऱ्यांच्या कामाचं ऑफिस सुटलं की मैत्रिणींबरोबर रंकाळ्यावर कांदा घातलेली भेळ खायची आणि अंधार पडल्यावर घरी यायची. आई ताट झाकून ठेवायची. बोलायची नाही. आई जाऊन आता दोन वर्षं होतील, ती गेली तेव्हाही सुचलं नाही. इथंच का सुचलं, माहीत नाही.

आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं केलंस."

मी म्हटलं, "तुम्ही करताय न्हवं वेळेवर? भात लावता येतो न्हवं?"

"येतो की. न यायला काय झालं."

१९ सप्टेंबर

इथली माणसं 'हो' म्हणायला 'आय' म्हणतात. आज भाजी घेताना मागून कोणी तरी म्हणालं, "आय, आय." मी झटकन वळून पाहिलं. दोन म्हातारे बोलत उभे होते. आमच्याकडं खेड्यात आईला आय म्हणतात. मी आई म्हणायची, पण ठेच लागली, घाबरले की तोंडातून आयच निघायचं.

दिवसभर हा शब्द कानावर पडतो. बसमध्ये, वर्गात, दुकानात. होईल सवय.

२ ऑक्टोबर

आमचा अभ्यासक्रम नद्या आणि पूर या विषयाचा, एका वर्षाचा. वर्गात पुण्याची एक मुलगी निघाली, प्रियदर्शनी. मला इतका आनंद झाला की पहिल्या दिवशीच तिला सगळं सांगत सुटले. एकोणीसच्या पुरात गावातलं घर पडलं, मग आम्ही कोल्हापुरात कळंब्याला फ्लॅट घेतला, म्हणून मी ह्या विषयात आलो, वगैरे. ती हसू दाबत म्हणाली, "आलो? तू काय मुलगा आहेस?"

वाईट मनानं म्हणाली नाही. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल 'आलो, गेलो' म्हणतात हे तिला ठाऊक नसणार. तिनं ते दुसऱ्या एकाला इंग्रजीत समजावून सांगितलं, तोही हसला. मीही हसले.

आता तिच्याशी बोलताना आधी मनात वाक्य जुळवून घेते. त्यापेक्षा इंग्रजी बरं पडतं.

वर्ग सुटल्यावर सगळे मिळून जेवायला जातात. मला विचारलं. मी सांगितलं, माझं जेवण झालंय. खरंच झालं होतं.

१० ऑक्टोबर

अबेना एकटीसाठी पातेलंभर रांधते. का, ते कळत नाही. शिवाय रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून तिचं गाणं चालतं. एकच गाणं, सावकाश, पुन्हा पुन्हा. अभ्यासात लक्ष लागत नाही. एकदा सांगायला पाहिजे.

आज दारावर टकटक झाली. अबेना ताट घेऊन उभी होती. लालसर भात, वर तळलेली केळी. "जास्त झालाय. मांस नाही, मुद्दाम वेगळा काढलाय," ती म्हणाली. मी हसून घेतला. बाहेर अंधार पडला होता. शिवाय त्यात कांदा होता, वासावरून कळत होतं.

तिला सांगायला हवं होतं. पण कुठून सुरुवात करायची? कांदा का नाही, अंधारात का नाही, मग कोल्हापुरात कसं चालत होतं. इतकं इंग्रजी मला एका दमात येत नाही. सगळ्यांची निजानीज झाल्यासारखं वाटल्यावर भात स्वयंपाकघरातल्या डब्यात टाकला आणि ताट घासून ठेवलं.

११ ऑक्टोबर

सकाळी अबेना कचऱ्याची पिशवी बदलत होती. मी चहाला गेले तेव्हा पिशवी तिच्या हातात, उघडी. तिनं आत पाहिलं, मग पिशवीला गाठ मारली.

"भात छान होता," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

"बरं झालं," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन खाली गेली.

२१ ऑक्टोबर

आज महावीर निर्वाण. गावात पहाटे बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, निर्वाण लाडू चढवतात. आई मला अंघोळ घालून अर्धवट झोपेतच न्यायची. इथं मंगळवार. पाऊस. तीन तास जलविज्ञान.

दुपारी आप्पांचा फोन. त्यांची तेव्हा रात्र असते. मागं ताट-वाट्यांचा खणखणाट आणि पोरांचा गलका.

"एवढा आवाज कसला?"

"टीव्ही हाय."

"दिवाळीचं काय केलं?"

"चिवडा केला, करंज्या केल्या. पोरांनी दोन दिवसांत फस्त केल्या."

"कुठली पोरं?"

"शेजारची," आप्पा म्हणाले. "तू काय केलंस?"

मी सांगितलं, मैत्रिणींनी मिळून दिवे लावले, फोटो काढायचे राहिले.

आप्पांना करंज्या कधी येत होत्या? मोबाइलवर बघून शिकले असतील. आणि टीव्ही फार मोठ्यानं लावतात. कान तपासून घ्यायला पाहिजेत. एकटं माणूस, कोण लक्ष देणार.

२७ ऑक्टोबर

काल इथली घड्याळं एक तास मागं केली. आता पाच वाजायच्या आतच दिवस मावळतो आणि वर्ग पाचाला सुटतो. डबा घेऊन जावा लागणार.

६ नोव्हेंबर

डबा खायला जागा शोधून काढली. ग्रंथालयाच्या मागच्या जिन्यात एक उंच खिडकी आहे. तिथं फारसं कोणी येत नाही. पायरीवर बसायचं, बाहेर उजेड किती उरलाय बघत खायचं. मध्येच कोणी आलं की डब्याचं झाकण लावते, चोरी केल्यासारखं.

आज प्रियदर्शनी आणि बाकीचे त्याच जिन्यातून उतरले. "अगं, इथं का बसलीस? वर चल की," ती म्हणाली. म्हटलं, फोनची वाट बघतेय. ते गेले. खालच्या मजल्यापर्यंत त्यांचे आवाज येत राहिले.

अबेना आता बोलत नाही माझ्याशी. म्हणजे बोलते, वाटेत भेटली तर "गुड मॉर्निंग" म्हणते. पण स्वयंपाकघरात मी आले की तिचं काम लवकर आटोपतं.

१७ नोव्हेंबर

दहा-अकरा दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही केलं नाही. सकाळी उठावंसं वाटत नाही. उठून आवरेपर्यंत अर्धा उजेड संपतो, मग जेवणाची घाई, मग अंधार. संध्याकाळ इतकी लांब असते की तिचं करायचं काय ते कळत नाही. भिंतीपलीकडलं गाणं संपलं की आता सगळं संपलं असं वाटतं.

वर्ग बुडाले. किती, ते मोजलं नाही.

२५ नोव्हेंबर

आमच्या विभागातल्या इलेनबाईंनी बोलावून घेतलं. पांढऱ्या केसांच्या, बोलणं भराभर. गैरहजेरी अशीच राहिली तर कळवावं लागेल आणि व्हिसा अडचणीत येईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग विचारलं, "तू नीट जेवतेस ना?"

मी म्हटलं, "वेळेवर जेवते." हे अगदी खरं आहे.

"कोणाबरोबर?"

हा काय प्रश्न? मी बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला. त्या म्हणाल्या, "सुट्टीत घरी जाऊन ये. परत यायचं की नाही ते जानेवारी लागायच्या आत मला कळव. नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही."

बाहेर आल्यावर हलकं वाटलं. उत्तर ठरलेलंच आहे. आप्पा साठीच्या पुढं, घरात एकटे, हातानं रांधून खाणार. अशा वेळी मी इथं नद्या शिकत बसायचं, हे बरोबर नाही. आधीच विचार करायला हवा होता.

३ डिसेंबर

आप्पांना सांगितलं, सुट्टीला येते. कायमची येते असं सांगितलं नाही, समोरासमोर सांगेन.

वाटलं होतं आनंदतील. ते म्हणाले, "येवढ्या लांबनं कशाला दगदग करतीस?"

"दगदग कसली? तुम्ही एकटे असता."

"मी हाय की बरा." मग थोडं थांबून, "कवा येणार म्हणालीस? शनिवारी व्हय? संध्याकाळी? बरं, बरं."

बिचारे. मला त्रास नको म्हणून आतल्या आत सोसतात.

११ डिसेंबर, कळंबा, कोल्हापूर

आधीच्या विमानात जागा मिळाली म्हणून दोन दिवस लवकर आले. आप्पांना कळवलं नाही. दार उघडतील आणि मला पाहतील, तेव्हाचा त्यांचा चेहरा मुंबईपासून डोळ्यांपुढं होता.

तावडे हॉटेलच्या थांब्याला बसमधून उतरले. रिक्षावाला म्हणाला, "कुठं जायचं, पावणं?" मी कळंबा म्हटलं. तो म्हणाला, "पयल्यांदा आलाय काय कोल्हापुरात?" माझ्या जाड कोटाकडं बघून म्हणाला असणार. मी कोट काढून मांडीवर घेतला.

घराला कुलूप. माझ्या चावीनं उघडलं. स्वयंपाकघरात गेले तर शेगडीवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर धूळ. गॅस बंद. कुकर मी ठेवला होता तिथंच, तसाच. फ्रीजमध्ये औषधाची पट्टी आणि सुकलेलं लिंबू. आईच्या फोटोला मात्र ताजं फूल होतं.

हा माणूस जेवतो तरी काय?

खाली राहणाऱ्या सीताबाई दारात उभ्या होत्या. "आप्पा व्हय? ते ह्या वक्ताला खानावळीत असत्यात की. मागच्या गल्लीत, झुंबरबाईंच्या."

मागची गल्ली म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालचीच. पत्र्याची शेड, आत लांब बाकं, कॉलेजची पोरं गच्च भरलेली. सूर्य नुकताच बुडाला होता, ट्यूबलाइट लागल्या होत्या. मी दारात उभी राहिले.

आप्पा खांद्यावर टॉवेल टाकून भाकरीची पाटी घेऊन बाकांमधून फिरत होते. एका लाजऱ्या पोराच्या ताटात भाकरी टाकत मोठ्यानं म्हणाले, "घे की रं, सासुरवाडीला आल्यागत काय करतोस?" सगळी पोरं हसली. आप्पाही हसले. आई गेल्यापासून त्यांचा इतका मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

मग त्यांनी मला पाहिलं. पाटी हातात तशीच.

"दीपा? शनिवारी येणार हुतीस न्हवं?"

चुलीपाशी बसलेल्या बाई उठल्या. पन्नाशीच्या, उंच, हाताला पीठ. "ही व्हय दीपा? उभी का? बस. आधी जेव, मग बोल."

मी म्हटलं, "दिवस मावळलाय."

झुंबरबाईंनी आप्पांकडं पाहिलं. आप्पा पाटीत बघत राहिले.

"मग दूध घे," बाई म्हणाल्या. मी दूधही घेतलं नाही.

१२ डिसेंबर

घरी आल्यावर काल आप्पा सरळ झोपायला गेले. आज सकाळी चहाच्या वेळी आपणहून म्हणाले, "तू गेलीस त्या दिवशी भात लावला. वाढून घेतला. समोर कुणी न्हाय. दोन घास खाल्लं आणि उठलो. दुसऱ्या दिवशी बी तसंच. मग गेलो झुंबरबाईंच्याकडं. एकट्यानं जेवता येत न्हाय मला, दीपा. त्यात लाज कसली?"

"मला का नाही सांगितलं? रोज खोटं बोललात. टीव्ही म्हणे."

"तू तिकडं नेमानं, दिवस मावळायच्या आत जेवतीस म्हणालीस. मग माझ्या तोंडातनं निघंना, की मी अंधार पडल्यावर पोरांच्या पंगतीला बसतो म्हणून."

मी कपबशा उचलल्या. आता मी आले आहे. आता त्यांना दारोदार जेवायची गरज नाही.

१६ डिसेंबर

रोज दोन्ही वेळचा स्वयंपाक करते. आईसारखी मुगाची आमटी जमली. संध्याकाळी उजेड असतानाच ताटं वाढते. आप्पा खानावळीत जात नाहीत. वेळेवर येतात, पाटावर बसतात, सगळं संपवतात, बरं झालंय म्हणतात. बोलणं फारसं होत नाही. जेवून उठलं तरी बाहेर अजून दिवस असतो.

मग मागची खानावळ सुरू होते. खिडकीतून आवाज येतात. काल कोणी तरी पोरगं ओरडलं, "आप्पा, भाकरी!" सवयीनं ओरडलं असणार. आप्पांनी पेपरातून मान वर केली, खिडकीकडं पाहिलं आणि पुन्हा पेपरात घातली. पान मात्र उलटलं नाही.

आज झुंबरबाई स्वतः डबा घेऊन आल्या. "घेवड्याची भाजी हाय. कांदा-लसूण घालायच्या आधी काढून ठेवलीया. तीन महिनं रोज काढतो, हात आपसूक जातोय." मग दारातूनच आप्पांना म्हणाल्या, "रक्तदाबाची गोळी घेटली का? न्हाईतर मागल्यागत गरगरंल."

"घेतली, बाई."

"आणि चष्मा इसरलायसा आमच्याकडं. आणलाय बघा डब्यासंगट."

बाई व्यवहाराला चोख आहेत. एका गिऱ्हाइकाचं इतकं कोण बघतं?

२० डिसेंबर

आज सांगितलं. परत जाणार नाही म्हणून.

आप्पा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. फोडत राहिले. "का?"

"तुम्ही इथं एकटे. माझं मन लागत नाही."

"मी कुठं एकटा हाय?" ते म्हणाले. "एकटी तू हायस."

इतकं सरळ ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मी उठून आत गेले. आईचा फोटो पुसला, पुसलेलाच होता. मला राग आला होता. मी त्यांच्यासाठी सगळं सोडून आले आणि हे असं.

थोड्या वेळानं आप्पा आत आले. दाराशीच उभे राहिले.

"माझ्यासाठी येत असलीस तर येऊ नगंस. तुझ्यासाठी येत असलीस तर ये, घर तुझंच हाय. पण त्यात मला घालू नगंस."

२३ डिसेंबर

ऑफिसमधल्या जुन्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, ये की, पण आता तिला लहान बाळ आहे, संध्याकाळी बाहेर पडता येत नाही. रंकाळ्यावर एकटीच जाऊन आले. भेळेच्या गाडीपाशी उभी राहिले, मग निघाले. रिक्षा केली नाही, चालत आले.

ग्लासगोत असताना वाटायचं, कोल्हापुरात पाय ठेवला की हे थांबेल. इथंही संध्याकाळ तेवढीच लांब आहे.

२६ डिसेंबर

आज जेवताना आप्पा गावाकडची आठवण काढत होते. मी विचारलंही नव्हतं. "तुझी आई कटाक्षानं उजेडात जेवायची. पण ताट घेऊन भाईर कट्ट्यावर यायची आणि पलीकडच्या तानाबाईला हाक मारायची. तानाबाई मराठ्याची, तिचं जेवण रातच्याला. ती नुसती येऊन बसायची, तंबाखू मळत. हिचं हुईस्तवर उठायची न्हाई. कैक वर्सं चाललं तसं."

मला हे माहीत नव्हतं. त्या वेळी मी शाळेतून येऊन खेळायला गेलेली असायची. मला आठवते ती पुरानंतरची, ह्या फ्लॅटमधली आई. स्वयंपाकघरात, ओट्याजवळ, पाठमोरी. इथं कट्टा नव्हता.

आप्पांनी ताट उचललं. ते असं मध्येच का सांगत होते कोण जाणे. वय झालं की माणसं जुनं आठवत बसतात.

२९ डिसेंबर

आज जेवणं झाल्यावर मागून गलका सुरू झाला. आप्पा पेपर घेऊन बसले होते. मी भांडी घासताना पाहत होते. त्यांचा पाय मागच्या ताट-वाट्यांच्या आवाजावर हलत होता. मी इथं राहिले तर ते असेच बसतील. रोज. माझ्यासमोर, सगळं संपवून, बरं झालंय म्हणत. एकदासुद्धा तक्रार करणार नाहीत.

मी म्हटलं, "आप्पा, जावा तुम्ही."

"कुठं?"

"भाकरी वाढायला."

"आणि तू?"

"मी जेवलो की."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मग टॉवेल घेतला, चप्पल घातली. जिना ते इतके भराभर उतरतात हे मला माहीत नव्हतं. जरा वेळानं खिडकीतून पोरांचा ओरडा आला आणि त्यात त्यांचा आवाज.

घरात मी एकटीच. दिवा लावला नाही. बरंच रडू आलं. आईसाठी आलं, की आप्पांसाठी, की मला जायचंय कुठं तेच कळत नव्हतं म्हणून. दोन वर्षांत असं रडले नव्हते. तोंड धुऊन इलेनबाईंना मेल लिहिला. एकच ओळ. येते.

३ जानेवारी २०२६

निघताना झुंबरबाईंनी शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, बिनलसणाची. म्हणाल्या, "पुढल्या टायमाला कळवून ये. असं अचानक आलीस तर हे दाढी न करता फिरत्यात." आप्पा दुसरीकडंच बघत होते. त्यांची दाढी आज अगदी गुळगुळीत केलेली होती.

बस सुटेपर्यंत दोघं स्टँडवर उभे होते. मध्ये हातभर अंतर ठेवून.

६ जानेवारी, ग्लासगो

सामान टाकलं आणि धीर होता तोवर अबेनाचं दार वाजवलं. कोट अंगातच होता.

म्हटलं, "ऑक्टोबरमध्ये तू दिलेला भात मी टाकून दिला."

"माहीत आहे," ती म्हणाली.

मी कारण सांगितलं. कांदा, अंधार, आई. इंग्रजी मध्येमध्ये तुटत होतं. तिनं घाई केली नाही, पण मदतही केली नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "हे तेव्हा सांगितलं असतंस तर मी दुपारी आणला असता. कांदाही घातला नसता." मग म्हणाली, "मला वाटलं, माझ्या हातचं तुला चालत नाही."

हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. तिला असं का वाटलं असेल ते आता कळलं आणि मान वर होईना. नाही, तसं नव्हतं, असं दोन-तीनदा म्हणाले.

"ठीक आहे. मला आता काम आहे," ती म्हणाली आणि दार लावलं. जोरात नाही.

१० जानेवारी

वर्ग सुरू व्हायला दोन दिवस आहेत. अबेना दिसली की "गुड मॉर्निंग". माझंही "गुड मॉर्निंग". आप्पांचा फोन आला, मागं तोच खणखणाट. म्हणाले, "पोरं इचारत्यात, दीपाताई पोचली का." मी एकाही पोराचं नाव विचारून घेतलं नव्हतं. आता विचारलं. त्यांनी पाच-सहा नावं सांगितली, कोण मलकापूरचा, कोण इचलकरंजीचा. आप्पांनी न थांबता इतकं बोललेलं मी फोनवर पहिल्यांदा ऐकलं.

फोन ठेवल्यावर खोली फार शांत वाटली.

१३ जानेवारी

आज दुपारी आमटी-भात केला. ताट वाढलं. बाहेर उजेड होता, पण उतरणीला लागलेला. ताट टेबलावर ठेवून मी अबेनाच्या दारापाशी गेले. हात दारापर्यंत नेऊन एकदा मागं घेतला. मग वाजवलं.

"जेवायला येतेस?"

तिनं घड्याळाकडं पाहिलं. "आत्ता? मला भूक नाही."

"बरं," मी म्हटलं आणि वळले.

मी पहिला घास घेते तोच ती चहाचा मग घेऊन स्वयंपाकघरात आली. समोरची खुर्ची ओढली. "भूक नाही, पण बसते," ती म्हणाली.

तिनं आमटीत काय आहे ते विचारलं, मी सांगितलं. मी विचारलं, रोज कोणतं गाणं म्हणतेस? तर म्हणाली, तिची मुलगी आहे, सहा वर्षांची, घानात, कुमासी शहरात आजीजवळ. फोनवर गाणं म्हटल्याशिवाय झोपत नाही. "भिंत पातळ आहे. तुला त्रास होत असेल."

"आवाज येतो," मी म्हटलं. "म्हणत जा."

तिनं फोटो दाखवला. दोन वेण्या, पुढचे दात पडलेले. मुलगी आता फोनवर पूर्वीइतकी रडत नाही, असं सांगताना अबेनानं फोन पालथा ठेवला. चांगलंच आहे की ते, असं ती स्वतःलाच म्हणाली. मग तिनं माझ्या आईबद्दल विचारलं. आजार कळला कधी, शेवटी किती दिवस दवाखान्यात होती. नर्स आहे, नेमकं विचारते. मी सांगत गेले. मी नोकरीवर होते त्या दुपारी, हेही सांगितलं. हे मी आप्पांशीही कधी बोललेले नाही.

बोलता बोलता वर पाहिलं तर खिडकी काळी झाली होती. ताटात अजून भात होता.

अबेनाच्याही लक्षात आलं. "अंधार झाला," ती म्हणाली. "आता काय करतेस?"

आईचे नेम दोन होते. अंधारात खायचं नाही, आणि ताटात वाढलेलं टाकायचं नाही. मी जरा वेळ हात तसाच ठेवून बसले. अबेनाचा चहा केव्हाच संपला होता, तरी ती रिकामा मग हातात धरून होती, उठली नव्हती.

मी भात संपवला.

"अजून आहे का?" अबेना म्हणाली. "आता मला भूक लागलीय."

मी उठून फळीवरचं तिचं ताट घेतलं.